तोफेवरची ताटली

लोणावळ्याच्या भांगरवाडीतल्या गिरणीत ज्वारीचं दळण पडेपर्यंत उभ्या उभ्या याह्यानं मोबाइल उघडला आणि त्यात त्याला आपली ताटली दिसली. लोखंडाची. स्क्रीनवर पिठाचा पातळ थर बसला होता, तो त्यानं अंगठ्यानं पुसला, तशी ती आणखी स्पष्ट झाली. चार बोटं रुंद, गोल, काठ जरासा उचललेला, खालून एका वाकवलेल्या पट्टीनं तोफेच्या बैठकीशेजारी जोडलेली. सांध्यावर वेल्डिंगची ताजी खवलं. गेली दोन वर्षं ही ताटली फक्त कॉम्प्युटरच्या आत होती. तिला वजन नव्हतं, तिच्यावर हात टेकता येत नव्हता, आणि ती तशीच राहणार असं याह्यानं गृहीत धरलं होतं. आता जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पत्रा कापून, तापवून, ठोकून ती खरी केली होती. गिरणीवाल्या शकुबाईनं पट्ट्याच्या खडखडाटात ओरडून विचारलं, "भाकरीचंच ना?" त्यानं मान हलवली. मग आपण कुठल्या प्रश्नाला मान हलवली हे त्याला आठवेना आणि त्यानं पुन्हा एकदा हलवली.

फोटोबरोबर पत्र होतं. लिहिणारा रॉस नावाचा ऑस्ट्रेलियातला एक निवृत्त वेल्डर. त्यांच्या गावातल्या एका शेडमध्ये दुसऱ्या महायुद्धात हाती लागलेली जपानी विमानविरोधी तोफ पडून होती, वीस मिलिमीटरची, अठ्ठ्याण्णव नमुन्याची. गावातल्या चार म्हाताऱ्यांनी मिळून ती दुरुस्त करायला घेतली होती. बैठकीजवळचा भाग गंजून गळून पडला होता, तो त्यांनी याह्याच्या कंपनीच्या गेममधल्या तोफेवरून केला, कारण इतकी बारकाईनं केलेली तोफ त्यांना दुसरीकडे कुठं सापडली नाही. पुढच्या शनिवारी तोफ गावच्या सभागृहासमोर बसवायची होती. पोरांना बैठकीवर बसून चाक फिरवता यावं म्हणून त्यांनी सगळे सांधे मोकळे केले होते. 'पाटीवर प्रत्येक भागाचं नाव आणि काम लिहितो आहोत,' रॉसनं लिहिलं होतं. 'ही ताटली कशासाठी होती? आणि तिचा ऐतिहासिक आधार कोणता, हे कळवाल का?'

याह्या तांबोळी सत्तेचाळीस वर्षांचा होता. तळेगावच्या कारखान्यात वीस वर्षं त्यानं पंपांची आणि गिअरपेट्यांची रेखाटनं काढली. तो कारखाना बंद झाल्यावर पुण्यात बाणेरला युद्धाचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. तिथली बाकीची मुलं त्याच्या निम्म्या वयाची. त्यांना रणगाडा दिसायला छान हवा असे. याह्याला तो चालायला हवा असे. पहिल्याच महिन्यात त्यानं दाखवून दिलं की जपान्यांची अठ्ठ्याऐंशी नमुन्याची तोफ अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरची नाही, पंचाहत्तरची आहे. अठ्ठ्याऐंशी हा आकडा सालाचा, जपान्यांच्या स्वतःच्या कालगणनेतल्या पंचवीसशे अठ्ठ्याऐंशीचा. जसा आपला शक वेगळा, तसा त्यांचा. आणि इथं पोरांनी जर्मन तोफेची नळी आणून त्यावर बसवली होती. मग सत्त्याण्णव नमुन्याच्या रणगाड्याची मशीनगन. ती मोठ्या तोफेच्या शेजारी दाखवली होती, कारण इतर देशांच्या रणगाड्यांत ती तिथं असते. याह्यानं ती उचलून बुरुजाच्या पाठीला लावली, मागं तोंड करून. खेळणारे चिडले, पुढून येणाऱ्यावर मारायला अख्खा बुरूज उलटा फिरवायचा का म्हणून. "हो," याह्यानं लिहिलं होतं, "त्यांनाही तसंच करावं लागे." ते उत्तर लोकांना आवडलं. तेव्हापासून गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांत त्याच्या नावापुढं 'ऐतिहासिक अचूकता' असे शब्द येऊ लागले. लोणावळ्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं. इथं तो इकबाल फिटरचा मुलगा होता, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे.

दळणाचा डबा गरम होता. तो पोटाशी धरून घरी येताना त्याला दवाखान्यातली ती दुपार आठवत राहिली. खरं म्हणजे आठवायची नव्हती, पण डब्याची ऊब आणि अब्बांच्या तापलेल्या हाताची ऊब यांत फरक करता येईना. तोफेचं काम तेव्हा अर्धं झालं होतं. अब्बांच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून, मांडीवर लॅपटॉप ठेवून तो ते करत असे. जमवलेल्या जुन्या फोटोंत तोफ सगळीकडून दिसत होती, फक्त बैठकीच्या उजवीकडची वीतभर जागा सोडून. त्याला मिळालेल्या प्रत्येक फोटोत नेमका तिथं बसलेल्या सैनिकाचा गुडघा येत होता. जिथं काही दिसत नाही तिथं साधा पत्रा दाखवून पुढं जायचं, हा त्याचा नियम. तेवढ्यात अब्बांनी डोळे उघडले. आयुष्यभर देहूरोडच्या एका वर्कशॉपात विमानविरोधी तोफांची दुरुस्ती केलेला माणूस. चार दिवस धड बोलला नव्हता. पडद्यावरच्या तोफेकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यानं ग्लास कुठं ठेवायचा?" याह्याला लगेच कळलं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट होती ती. दुरुस्तीनंतर तोफ तपासायला फिटर बैठकीवर बसून तासन् तास चाक फिरवत राहायचा, आणि चहा आला की ग्लास ठेवायला जागा नसायची. म्हणून अब्बांनी एका तोफेला पत्र्याची ताटली जोडली. तोफ पूर्ण फेरा घेऊन आली तरी चहाचा थेंब सांडला नाही. आणि ती तोफ तशीच, ताटलीसकट, काश्मीरला गेली. गोष्टीचा शेवट नेहमी तोच असे: "अजून असंल तिथं. थंडीत कुणीतरी ग्लास ठेवत असंल."

त्यानं तिथल्या तिथं ताटली रेखाटली. पाच मिनिटांचं काम. अब्बांना दाखवली. अब्बांनी हात उचलून दोन बोटं दाखवली. "खाली घे. कोपर अडतं." त्यानं दोन बोटं खाली घेतली. अब्बांनी पुन्हा बघितलं आणि मान हलवली, वर्कशॉपात शिकाऊ पोराचं काम पास करताना हलवत असत तशी. तिसऱ्या दिवशी ते गेले. चाळिसावं झाल्यावर याह्यानं तोफ पूर्ण करून पाठवली. ताटली काढून टाकायची हे त्याच्या लक्षात होतं. ती काढण्यासाठी त्यानं फाइल दोनदा उघडली, हेही त्याच्या लक्षात होतं.

घरी त्याची अम्मी, जैतुनबी, डब्याचीच वाट बघत होत्या. अब्बांच्या मागं त्यांचं जग स्वयंपाकघर आणि गॅलरी यांच्यात आलं होतं. महिन्या-दोन महिन्यांतून त्या याह्याला म्हणत, "तुझ्या त्या खेळातली ताटली दाखव रे," आणि तो दाखवी. त्या चष्मा वर-खाली करून बघत आणि उठून जात. आज त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं? कामाचं काही?" "कामाचंच," तो म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं सारिकाला फोन केला. सारिका त्याची प्रमुख, बत्तीस वर्षांची, हुशार, घाईतली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ती ताटली नव्हतीच?"

"होती की नव्हती, मला माहीत नाही. मी ती लावली."

"सर, तुम्ही? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं." लगेच तिनं मार्ग काढला. "हे बघा, उत्तर देऊच नका. किंवा लिहा, संदर्भ गोपनीय आहेत. ऐंशी वर्षांपूर्वीच्या तोफेवर एक ताटली जास्त असली तर कुणाचं काय बिघडतं? आणि आपली जाहिरातच अचूकतेची आहे. एक गोष्ट खोटी निघाली की लोक सगळ्याच धुंडाळायला लागतील."

"धुंडाळू देत की."

"तुम्हाला बोलायला सोपं आहे," सारिका म्हणाली. ते सोपं नव्हतं, पण तिला तसं वाटणं स्वाभाविक होतं.

पुढचे दोन दिवस त्याच्या मनात एकच विचार घोळत होता, आणि तो विचार लबाडीचा आहे हे कळत असूनही तो त्याला सोडवेना. तोफेवर बसणारा माणूस कुठलाही असो, देहूरोडचा नाहीतर ब्रह्मदेशातला जपानी, त्याला तहान लागते. त्याच्या हातात डबा, कप, ग्लास काहीतरी असतं आणि ते ठेवायला त्याला जागा लागते. तर मग सगळ्याच फौजांत, सगळ्याच तोफांवर, रेखाटनात नसलेली अशी एखादी ताटली असणारच. अब्बांना एकट्यांनाच ती सुचली असं थोडंच आहे? हे कुणीतरी जाणत्यानं सांगितलं तर रॉसला निदान अर्धं खरं लिहिता येईल: 'अशी रीत होती.' ते सांगू शकेल असा एकच माणूस हयात होता. गुरुवारी दुपारी तो देहूरोडला उतरला.

दत्तोबा हे अब्बांचे जोडीदार, पंचवीस वर्षं एकाच तोफेच्या दोन बाजूंना काम केलेले. मूळचे मळवलीकडचे, निवृत्तीनंतर मुलाजवळ इथंच राहिलेले. अब्बांच्या दफनाच्या दिवशी येऊन कोपऱ्यात उभे राहिले होते, नंतर भेट नव्हती. याह्यानं लॅपटॉप उघडून तोफ दाखवली. दत्तोबांनी ती इकडून तिकडून फिरवायला लावली, नळी बघितली, वरून बसवायची गोळ्यांची पेटी बघितली. मग ताटलीशी त्यांचं बोट थांबलं.

"ही हितं कुनी लावली?"

"मी. काका, एक विचारायचं होतं. अशा ताटल्या सगळेच लावायचे का? म्हणजे तेव्हा तशी रीत होती का?"

"कसली रीत?" दत्तोबा म्हणाले. "तोफ काय चहाची गाडी हाय व्हय? येकानंच लावल्ती, तुज्या अब्बानं. आन् त्याच दिशी काढली."

याह्याला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काढली? ती तर काश्मीरला गेली ना?"

"कुटं जातीय! सायबानं दुपारी बघितली. चांगला मानूस व्हता, वरडला न्हाई. नुसता बैठकीवर बसला, ताटलीवर हात ठिवला, आन् आमाला म्हनला, चाक फिरवा. फिरवलं. आता बग, बैठक फिरती, पर खालचा पाय जिमिनीला रोवलेला, त्यो न्हाई फिरत. ताटलीची पट्टी त्या पायाच्या खुटीला घासून जाती. सायबाची बोटं काठाखाली व्हती. येळंला काढली म्हनून वाचली. नखाला लागलं तेवडं." दत्तोबांनी स्वतःचा हात लॅपटॉपच्या कडेवर ठेवून दाखवला, चार बोटं खाली, अंगठा वर. "मानूस असाच धरतो. सायेब म्हनला, इकबाल, उद्या हितं अठरा वर्सांचं पोरगं बसंल. तुज्या अब्बानंच गिराइंडर लावला मग. मी पट्टी धरल्ती."

पडद्यावरची तोफ याह्यानं हळूच फिरवली. गेममध्ये ती फिरताना त्यानं हजार वेळा बघितली होती. ताटली, पट्टी, खालचा पाय. एकमेकांजवळून सरकत जात होते, काही अडत नव्हतं, कारण तिथं अडण्यासारखं काही नसतंच. पत्र्यातून पत्रा आरपार गेला तरी आवाज होत नाही. पट्टी आणि पायाच्या खुंटीतलं अंतर त्यानं मोजलं. अकरा मिलिमीटर. वर असती तर पंचेचाळीस झालं असतं. दोन बोटं खाली घेतल्यामुळं अकरा. त्यानं स्वतःच्या करंगळीकडे बघितलं. मोठ्या माणसाचं बोट तिथं जेमतेम शिरलं असतं, पोराचं सहज. शनिवारला दोन दिवस उरले होते.

"काका, इथंच बसून एक पत्र लिहू का?"

"ल्ही की. हितं कोन हाकलतंय तुला?"

त्यानं लिहिलं. आधी बोटांचं लिहिलं: कुणालाही त्या बैठकीवर बसवू नका, ताटली आजच कापा, पट्टी आणि पाय यांत अकरा मिलिमीटर अंतर आहे. मग बाकीचं. ताटलीला कसलाही आधार नाही. त्या जागी काय होतं ते मला माहीत नाही, कारण सगळ्या फोटोंत तिथं गुडघा आहे. ही ताटली माझ्या वडिलांनी एकदा दुसऱ्याच देशाच्या, दुसऱ्याच तोफेला लावली होती आणि त्याच दिवशी काढली होती. मी ती तुमच्या तोफेला लावली. चूक माझी एकट्याची आहे. त्यानं ते पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर वडिलांचं वाक्य खोडलं असतं.

उत्तर तासाभरात आलं, तो परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसला असताना. 'कापली,' रॉसनं लिहिलं होतं. 'मंगळवारी, तुम्हाला पत्र पाठवल्यावर चाक फिरवून बघताना माझा अंगठा तिथं अडकला होता. नख गेलं. आम्हाला वाटलं, आमचंच माप कुठंतरी चुकलं असणार, कारण तुमचं तर बरोबर होतं. दोन दिवस आम्ही आमचीच मापं तपासत होतो.' खाली आणखी एक ओळ होती: 'आता बाकीच्या भागांबद्दलही विचारावं लागेल. कुठला तुम्हाला ठाऊक आहे आणि कुठला नाही, एवढंच कळवा.'

याह्यानं ते वाचून मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. समोरच्या रुळांपलीकडं दोन जवान ट्रंक घेऊन उभे होते. एकानं ट्रंकेवर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली. याह्या त्याच्या गुडघ्याकडं बघत राहिला. नख गेलेल्या अंगठ्यापेक्षा त्या म्हाताऱ्यांनी दोन दिवस स्वतःचीच मापं तपासली हे त्याला जास्त लागलं. हातात लोखंड, लोखंडात सापडलेलं बोट, आणि तरी त्यांनी विश्वास ठेवला तो चित्रावर. त्याच्यावर. 'ऐतिहासिक अचूकता.' ते दोन शब्द त्याला आवडत असत, हे त्यानं आजवर कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

सोमवारी त्यानं बाणेरला जाऊन सारिकाला सगळं सांगितलं आणि ताटली काढलेली फाइल तिच्यासमोर ठेवली. ती रागावली, मग रॉसच्या अंगठ्याचं ऐकून तिनं फाइल आपल्याकडे घेतली. गेमच्या पुढच्या आवृत्तीत दोन ओळींचा खुलासा गेला. खेळणाऱ्यांनी त्याला आठवडाभर झोडपलं. कुणी म्हणालं, बुरुजाच्या पाठची मशीनगनही ह्याच्या बापाचीच असेल. ती नव्हती, तिचे सोळा फोटो होते, पण आता ते कोण ऐकणार? नावांच्या यादीत त्याच्यापुढचे दोन शब्द गेले. त्याला डोंगर, दगड आणि गवत करायला दिलं. सारिका म्हणाली, काही महिनेच. तो दगड चांगले करी. संध्याकाळी एक तास मात्र तो रॉससाठी यादी करायला बसे: तोफेचे एकशे बारा भाग, प्रत्येकापुढं 'फोटोवरून', 'मापावरून' किंवा 'माहीत नाही'. 'माहीत नाही' एकोणीस निघाले. इतके असतील असं त्याला वाटलं नव्हतं.

यादी पुरी झाली त्या आठवड्यात एका सकाळी जैतुनबी म्हणाल्या, "ताटली दाखव रे."

त्यानं तोफ उघडली. बैठकीशेजारी साधा पत्रा होता. त्या बघत राहिल्या, चष्मा वर केला, खाली केला.

"काढली?"

"काढली." मग त्यानं त्यांना सगळं सांगितलं; रॉस, दत्तोबा, साहेबाची बोटं, आणि अब्बांनी स्वतः लावलेला ग्राइंडर. सांगताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता. थांबला तेव्हा त्याला वाटलं, त्या रडत असतील. त्या हसत होत्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलत होते.

"पस्तीस वर्षं! मला तर म्हणायचे, काश्मीरला गेली. बर्फ पडलं की म्हणायचे, ताटलीत साचलं असंल. खोटारडा माणूस." डोळे पुसून त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. "पण तू का काढलीस? खेळात कुणाची बोटं जाणार होती?"

"खेळात नाही जात. पण लोक तिथं बघतात आणि इथं लोखंड जोडतात, अम्मी."

त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. त्यांची नजर कोऱ्या पत्र्यावरच होती. मग म्हणाल्या, "कापली त्या दिवशी घरी आले तेव्हा काही बोलले नाहीत मला. कसे असतील रे त्या दिवशी? काय म्हणाले असतील?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही काकांना."

"मग लाव फोन."

त्यानं लावला आणि आवाज मोठा करून मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला. जैतुनबींनी आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, जसे दत्तोबा दारातच उभे आहेत.

"दत्तोबा, मी याह्याची अम्मी. ताटली कापली त्या दिवशी आमचे हे काय म्हणाले हो?"

"वैनी," दत्तोबा म्हणाले, "म्हनाले काय न्हाईत. गिराइंडर ठिवला, हात पुसलं, आन् ग्लास घिऊन तोफंखाली जिमिनीवरच मांडी घालून बसलं. मला म्हनलं, बस."

"मग? प्यायले चहा?"

"प्यालो की दोघं. पार गार झाल्ता."